ॲस्बेस्टॉसच्या कामासाठी नेमके कोणते प्रशिक्षण घ्यावे?

नवखा अभियंता यांचा प्रश्न:

नमस्कार. मी स्थापत्य अभियंता असून गेली सहा वर्षे इमारतींच्या दुरुस्तीचे आराखडे आणि अंदाजपत्रके करत आलो आहे. तीन महिन्यांपूर्वी अमेरिकेतील एका पर्यावरण सल्लागार संस्थेत रुजू झालो. येथे जुन्या शाळा व कार्यालयीन इमारतींमधील ॲस्बेस्टॉसची पाहणी करणे, ते काढण्याच्या कामाचे तपशीलवार आराखडे व निविदेची कागदपत्रे तयार करणे आणि काम चालू असताना जागेवर थांबून देखरेख करणे, अशी तिन्ही कामे टप्प्याटप्प्याने माझ्याकडे येणार आहेत.

वरिष्ठांचे म्हणणे असे की सुपरवायझरचा पाच दिवसांचा अभ्यासक्रम एकदा करून टाकला की बाकी सगळे त्यात येते. एका सहकाऱ्याच्या मते मात्र प्रत्येक कामाचा अभ्यासक्रम वेगळा आहे आणि एकाचे प्रमाणपत्र दुसऱ्याला चालत नाही. मी स्वतः नियम वाचायला बसलो, तेव्हा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढलाच. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, नियमांत भूमिकांची पाच नावे आहेत. कामगारांच्या सुरक्षिततेचे पाहणाऱ्या ओशाच्या नियमांत मात्र पहिला ते चौथा असे कामांचे चार वर्ग आहेत. कुठे ४० तास, कुठे ३२, कुठे १६, कुठे ८, तर कुठे अवघे २ तास लिहिलेले आहेत, आणि या सगळ्याचा मेळ कसा घालायचा हे काही उमगले नाही.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे. माझ्या तिन्ही कामांसाठी कोणकोणते अभ्यासक्रम लागतील आणि ते कोणत्या क्रमाने करावेत? हे अभ्यासक्रम घरी बसून संगणकावर पूर्ण करता येतात का? प्रमाणपत्र एकदा मिळाल्यावर किती काळ चालते? आणि ज्या राज्यात परीक्षा दिली त्याच्या शेजारच्या राज्यात तेच प्रमाणपत्र दाखवून काम करता येते का?

ठोकताळा यांचे उत्तर:

वरिष्ठांचे ऐका. सुपरवायझरचा अभ्यासक्रम ५ दिवसांचा, म्हणजे ४० तासांचा असतो आणि सर्वांत मोठा तोच आहे. सुपरवायझरची मान्यता असली की कामगाराचे कामही करता येते, त्यासाठी वेगळे प्रमाणपत्र काढावे लागत नाही. मी आठ वर्षे ठेकेदाराकडे काम करतो आहे आणि मला आजवर दुसरे काही लागलेले नाही. उगाच चार ठिकाणी फी भरत बसू नका.

जुना निरीक्षक यांचे उत्तर:

वरचा सल्ला अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यामुळे तुम्ही अडचणीत याल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ही पाच नावे कुठून आली ते पाहू. शाळांमधील ॲस्बेस्टॉसविषयी अमेरिकेत १९८६ साली जो कायदा झाला त्याला संक्षेपाने ‘आहेरा’ म्हणतात. (मराठी कानाला हे नाव फसवे लागते, पण या आहेरात पाकीट मिळत नाही, जबाबदारी मिळते.) शाळेत हे काम करणारा माणूस मान्यताप्राप्त असलाच पाहिजे, ही अट या कायद्याने घातली आणि मान्यता कशी द्यायची याचा एक नमुना आराखडा ईपीएने तयार केला. १९९० साली दुसऱ्या एका कायद्याने हीच अट सार्वजनिक आणि व्यापारी इमारतींनाही लागू केली. त्यानंतर १९९४ साली तो नमुना आराखडा सुधारण्यात आला आणि आज आपण जे दिवस व तास मोजतो ते त्या सुधारित आराखड्यातले आहेत. प्रत्येक राज्याने निदान इतके तरी मागितलेच पाहिजे. त्याहून जास्त मागण्याची मुभा त्याला आहे.

त्या आराखड्यातील पाच भूमिका अशा: कामगार, ठेकेदार किंवा सुपरवायझर, निरीक्षक, व्यवस्थापन-आराखडा करणारा आणि प्रकल्पाची संरचना करणारा. कामगाराला ४ दिवस, सुपरवायझरला ५ दिवस, निरीक्षकाला ३ दिवस, व्यवस्थापन-आराखडा करणाऱ्याला निरीक्षकाचे ३ दिवस पूर्ण केल्यानंतर आणखी २ दिवस, आणि संरचनाकाराला ३ दिवस. दिवस म्हणजे ८ तास, आणि त्यात चहापाण्याची व जेवणाची सुट्टी धरलेली आहे. शेवटी पुस्तक न उघडता द्यायची बहुपर्यायी परीक्षा असते. कामगार, निरीक्षक आणि व्यवस्थापन-आराखडा करणाऱ्याला ५० प्रश्न, सुपरवायझर आणि संरचनाकाराला १०० प्रश्न, आणि उत्तीर्ण व्हायला सर्वांनाच ७० टक्के गुण.

तुमच्या वरिष्ठांची चूक येथे होते. या पाच भूमिका एकावर एक चढत जाणाऱ्या पायऱ्या नाहीत. कोणी कोणता निर्णय घ्यायचा, यावर ही विभागणी झालेली आहे. भिंतीत काय आहे हे निरीक्षक ठरवतो. जे सापडले त्याचे काय करायचे, म्हणजे ते काढायचे, लेप देऊन बांधून ठेवायचे, बंदिस्त करायचे की नुसती निगराणी ठेवायची, हे व्यवस्थापन-आराखडा करणारा सुचवतो. काढायचे ठरले तर कसे काढायचे हे संरचनाकार कागदावर मांडतो, आणि सुपरवायझर ते आपल्या कामगारांकडून करून घेतो. सुपरवायझरला कामगाराचे काम करता येते, इतकीच काय ती सवलत. तो नमुने घेऊन इमारतीत ॲस्बेस्टॉस नाही असे लिहून देऊ शकत नाही. एकाच अभ्यासक्रमात दोन भूमिकांचे प्रशिक्षण मिसळून उरकायलाही नमुना आराखड्याची मनाई आहे.

हे नुसते कागदी नाही. काही वर्षांपूर्वी एका शाळेचा अहवाल तपासायला माझ्याकडे आला. त्यावर सही करणाऱ्या गृहस्थांकडे सुपरवायझरची मान्यता होती, निरीक्षकाची नव्हती. शाळेने तो अहवाल बाजूला ठेवला आणि मला नव्याने पाहणी करावी लागली. तळघरातील बॉयलरच्या खोलीत गेलो. नळांच्या सरळ भागांवर पिवळसर काचतंतूंचे आवरण होते, आणि आधीच्या अहवालात त्याच आवरणाचे तीन नमुने घेऊन ‘ॲस्बेस्टॉस नाही’ असा शेरा मारलेला होता. मात्र प्रत्येक कोपरावर, जिथे नळ वळतो तिथे, मातीने लिंपल्यासारखा पांढरट-करडा गिलावा हातानेच थापलेला दिसत होता, कारण वळणावर तयार आवरण बसत नसे. वरून कापड गुंडाळून रंग दिल्यामुळे लांबून सगळे एकच वाटे. तो गिलावा हा वेगळा माल आहे, म्हणून त्याचे नमुने वेगळे घ्यायला हवेत. प्रयोगशाळेचा निकाल आला, तेव्हा त्यात ॲस्बेस्टॉस निघाले.

दिसायला, पोताला आणि बसवल्याच्या काळाला जे एकसारखे आहे तेवढाच एक ‘एकजिनसी भाग’ धरायचा, हे निरीक्षकाच्या तीन दिवसांत पुन्हा पुन्हा घोटून घेतले जाते. छतावर किंवा तुळयांवर फवारलेल्या अथवा थापलेल्या थराचा असा भाग १,००० चौरस फुटांपर्यंत असेल तर किमान ३ नमुने, त्यापुढे ५,००० पर्यंत ५, आणि त्याहून मोठा असेल तर ७. फरशी उचलली तर तिच्याखालचा काळा डिंकही तपासायचा, कारण फरशी आणि डिंक हे दोन वेगळे थर आहेत. एक टक्क्याहून जास्त ॲस्बेस्टॉस निघाले की तो माल नियमाच्या कक्षेत येतो. सुपरवायझरच्या पाच दिवसांत यातले फार थोडे येते, आणि ते योग्यच आहे, कारण त्याचे काम दुसरे आहे.

तुमच्यासाठी क्रम सांगायचा तर पहिला अभ्यासक्रम निरीक्षकाचा करा. निविदेचे तांत्रिक कागद तयार करण्याआधी संरचनाकाराचे तीन दिवस पूर्ण करा. अभियंता असल्यामुळे तो भाग तुम्हाला जड जाणार नाही. व्यवस्थापन-आराखड्याची मान्यता संघराज्याच्या नियमानुसार केवळ शाळांसाठी लागते, तेव्हा संस्थेकडे शाळांची कामे किती आहेत ते पाहून ठरवा.

देखरेखीबद्दल मात्र एक बारकावा आहे आणि तो तुमच्या वरिष्ठांनाही जरूर सांगा. सुपरवायझर हा ठेकेदाराचा माणूस असतो. तुम्ही जागेवर उभे राहणार ते इमारतीच्या मालकाच्या वतीने: काम आराखड्याप्रमाणे चालले आहे का ते पाहायला, हवेचे नमुने घ्यायला आणि शेवटी जागा स्वच्छ झाल्याची खात्री करायला. या भूमिकेला प्रकल्प-निरीक्षण म्हणतात. १९९४ च्या आराखड्यात ईपीएने यासाठी पाच दिवसांच्या प्रशिक्षणाची शिफारस केली, पण ते संघराज्यभर सक्तीचे केले नाही. काही राज्ये ते मागतात, काही मागत नाहीत. जेथे मागत नाहीत तेथे अनेक संस्था आपल्या माणसांना सुपरवायझरच्या अभ्यासक्रमाला पाठवतात, आणि मला ती पद्धत गैर वाटत नाही, कारण ठेकेदाराचा माणूस काय शिकून आला आहे हे ठाऊक नसेल तर त्याच्या कामावर नजर ठेवणार कशी? हवेतील तंतू सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः मोजायचे असतील तर त्यासाठी ‘नायॉश ५८२’ नावाचा आणखी एक अभ्यासक्रम आहे.

राज्यांविषयी थोडक्यात: अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र आणि राज्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारचे राज्य तुमचा अभ्यासक्रम मान्य करीलही, पण आपला परवाना घेतल्याशिवाय कामाला हात लावू देईलच असे नाही. न्यू यॉर्क राज्यात ॲस्बेस्टॉसच्या कामासाठी कामगार खात्याचा ‘कोड रूल ५६’ हा नियम आहे, आणि न्यू यॉर्क शहरात पाहणी करायची तर शहराच्या पर्यावरण खात्याचे अन्वेषक म्हणून वेगळे प्रमाणपत्र लागते. कॅलिफोर्नियात सल्लागार म्हणून काम करायला तेथील राज्याच्या ओशाचे प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी अनुभवही दाखवावा लागतो. म्हणून ज्या राज्यात काम करायचे आहे तेथील खात्याकडून मान्य अभ्यासक्रमांची यादी आधी मागवा आणि मगच फी भरा.

हातमोजे यांचे उत्तर:

मी गेली अकरा वर्षे कामगार आणि सुपरवायझरचे वर्ग घेते आहे, त्यामुळे ‘घरी बसून होईल का’ या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून घ्या. कामगाराच्या ३२ तासांपैकी आणि सुपरवायझरच्या ४० तासांपैकी किमान १४ तास हाताने करून शिकण्याचे असतात. निरीक्षकासाठी हे ४ तास आहेत, आणि त्याखेरीज एखाद्या इमारतीत प्रत्यक्ष फिरून पाहणी करून दाखवावी लागते. पडद्यावर पाहून यातले काहीही होत नाही. ज्या जाहिरातीत सबंध प्राथमिक अभ्यासक्रम दोन संध्याकाळी आटोपण्याचे आश्वासन असेल तिच्याकडे फिरकू नका.

या १४ तासांत काय घडते हे बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून एक प्रसंग सांगते. नळावरील आवरण थोडेच काढायचे असेल तर हातमोजे आतूनच जोडलेली प्लास्टिकची पिशवी नळाभोवती बांधून, सगळे काम पिशवीच्या आत करायचे असते. सरावासाठी आम्ही ॲस्बेस्टॉस नसलेले आवरण वापरतो. पिशवी बांधून झाली की तिच्यात धूर सोडून गळती तपासायची. मग फवाऱ्याच्या पाण्याने आवरण भिजवायचे. हे पाणी साधे नसते. त्यात पाण्याचा ताण कमी करणारे द्रव्य मिसळलेले असते, म्हणजे ते आवरणात खोल मुरते. आत्मविश्वासाने पुढे आलेला विद्यार्थी पहिल्याच खेपेला आवरणाबरोबर पिशवीही कापतो. असे कोणी ना कोणी प्रत्येक वर्गात करतेच, आणि मी त्याला रागावत नाही. त्याला दुसरी पिशवी देते आणि पहिलीतून बाहेर काय काय आले असते ते इतरांकडून वदवून घेते. काम झाल्यावर हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने पिशवीतली हवा ओढून घ्यायची, पिशवीला पीळ द्यायचा, पिळावर चिकटपट्टी गुंडाळायची आणि मगच ती नळावरून उतरवायची. हा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. घरातील साधा व्हॅक्यूम तेच कण मागच्या बाजूने खोलीभर उधळतो.

दुसरी नेहमीची चूक बाहेर पडताना होते. दूषित भागातून स्वच्छ भागात येण्यासाठी ओळीने तीन खोल्या असतात: अवजारांची खोली, मग शॉवर, मग कपडे बदलण्याची स्वच्छ खोली. अंगावरचा कागदी पोशाख पहिल्या खोलीत उतरवायचा, पण मास्क तोंडावरच ठेवून शॉवरखाली जायचे, डोके आणि मास्क पुरते भिजल्यावरच मास्क काढायचा. दमलेला माणूस दार उघडताक्षणी पहिल्यांदा मास्कच ओढून काढतो. अंगाला, केसांना चिकटलेले तंतू तेव्हा सुटे असतात. म्हणून मी ही कवायत चार-पाच वेळा करून घेते, इतकी की विचार न करता हात योग्य क्रमाने चालावा.

मास्कचे माप प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तपासून घेतले जाते. मास्क लावून मान डावी-उजवीकडे, वर-खाली करायची, ठरलेला उतारा मोठ्याने वाचायचा, आणि बाहेर सोडलेला उग्र धूर किंवा वास आत येतो का ते पाहायचे. चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क वापरायचा तर कडेखाली दाढीचे खुंटसुद्धा चालत नाहीत. वर्गाला येताना गुळगुळीत दाढी करून या, नाहीतर तो तास वाया जातो आणि माझ्याशी वाद घालण्यात आणखी एक.

नवखा अभियंता:

तिघांचेही आभार. क्रम आता बऱ्यापैकी स्पष्ट झाला. ओशाच्या चार वर्गांचे कोडे मात्र अजून सुटलेले नाही. शिवाय कालच एका शाळेच्या व्यवस्थापकांनी विचारले की त्यांचे सफाई कर्मचारी आणि देखभालीचे मिस्त्री यांनाही चार दिवसांच्या अभ्यासक्रमाला पाठवावे लागेल का. त्यांच्या वर्गांच्या छतांवर फवारलेला जुना थर आहे आणि प्रोजेक्टर टांगण्यासाठी तेथे भोके पाडायची आहेत.

जुना निरीक्षक:

ईपीए विचारते की तुम्ही कोण आहात. ओशा विचारते की तुम्ही कोणत्या मालाला, किती हात लावणार आहात. एवढे लक्षात ठेवले की तासांचा मेळ बसतो.

नळ, बॉयलर यांवरील उष्णतारोधक आवरण आणि फवारलेले किंवा थापलेले थर काढणे हा पहिला वर्ग. हा माल सहज भुसभुशीत होतो, म्हणून तो सर्वांत धोक्याचा, आणि त्यासाठी कामगाराचे पूर्ण ३२ तास लागतात. फरशी, छपराचे पत्रे, बाहेरील आवरणाच्या फळ्या असा इतर माल काढणे हा दुसरा वर्ग. त्यातही, फरशी किंवा छपरासारख्या ठरावीक एकाच मालावर काम करणाऱ्याला त्या मालापुरते ८ तासांचे प्रशिक्षण पुरते. पण फरशीचे ८ तास केलेला माणूस उद्या नळाला हात लावू शकत नाही. देखभाल-दुरुस्ती करताना ॲस्बेस्टॉसला धक्का लागत असेल तर तो तिसरा वर्ग आणि त्याला १६ तास. धक्का न लावता संपर्कात येणारे सफाई आणि देखभालीचे काम, तसेच पडलेला कचरा उचलणे हा चौथा वर्ग, त्याला २ तास. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या कामावर ‘सक्षम व्यक्ती’ म्हणून जो माणूस लागतो, त्याने सुपरवायझरचा अभ्यासक्रम केलेला असावा लागतो. पहिल्या वर्गाच्या कामात त्याला प्रत्येक पाळीत निदान एकदा जागेची तपासणी करावी लागते.

हे प्रशिक्षण दरवर्षी पुन्हा द्यायचे असते, त्याचा खर्च नोकरी देणाऱ्याने करायचा असतो, आणि ते कर्मचाऱ्याला समजेल अशा रीतीने द्यायचे असते. शेवटच्या अटीकडे सर्वांचे दुर्लक्ष होते. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याच्या हाती इंग्रजी पुस्तिका देऊन सही घेतली, तर ते प्रशिक्षण झाले असे म्हणता येणार नाही.

हातमोजे:

शाळेचे उत्तर मी देते. तेथे ॲस्बेस्टॉस असलेला माल आहे, तेव्हा देखभालीच्या आणि सफाईच्या सर्व कर्मचाऱ्यांना किमान २ तासांचे जाणीव-प्रशिक्षण द्यावेच लागते, मग त्यांचा त्या मालाशी थेट संबंध येवो वा न येवो. नवा कर्मचारी असेल तर रुजू झाल्यापासून ६० दिवसांच्या आत. ज्यांच्या कामामुळे त्या मालाला धक्का लागणार आहे त्यांना आणखी १४ तास. दोन अधिक चौदा मिळून सोळा. ओशाच्या तिसऱ्या वर्गाचे १६ तास ते हेच.

प्रोजेक्टरसाठी थरात दोन-चार भोके पाडणे हे लहान आणि अल्पकाळाचे काम म्हणून धरता येते, आणि १६ तास झालेला मिस्त्री ते करू शकतो. जागा ओली करून, हेपा व्हॅक्यूम जोडून, खाली प्लास्टिक अंथरून आणि मुले वर्गात नसताना. मात्र तीन चौरस फुटांहून किंवा नळ असल्यास तीन फूट लांबीहून जास्त माल काढायचा झाला, की मिस्त्रीने हात आखडता घ्यायचा. तेथून पुढे मान्यताप्राप्त संरचनाकार, सुपरवायझर आणि कामगार लागतात. सगळ्याच वर्गांत प्रोजेक्टर टांगायचे म्हणून काम रोज थोडे थोडे तुकड्यांत पाडायचे आणि मर्यादेखाली असल्याचे दाखवायचे, ही पळवाट शाळेने काढू नये हे तुम्ही त्यांना आधीच बजावा. माझे मत विचाराल तर भोके पाडूच नका. भिंतीवर किंवा स्टँडवर बसणारा प्रोजेक्टर घ्या.

शाळेने ‘नियुक्त व्यक्ती’ म्हणून कोणाला नेमले आहे हेही विचारा. या व्यक्तीसाठी तासांची ठराविक अट नाही, तरी तिला पुरेसे प्रशिक्षण असले पाहिजे असे नियम सांगतो. दर सहा महिन्यांनी त्या मालावर नजर टाकणे आणि दर तीन वर्षांनी मान्यताप्राप्त निरीक्षकाकडून पुनर्पाहणी करून घेणे, हे तिने पार पाडायचे असते. अनेक ठिकाणी हे पद मुख्याध्यापकांच्या गळ्यात पडलेले असते आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

ठोकताळा:

माझ्या आधीच्या उत्तराबद्दल दिलगीर आहे. मी ठेकेदाराच्या बाजूने पाहत होतो. सल्लागाराच्या कामाला ते लागू नाही, हे ध्यानात आले नाही.

प्रमाणपत्र किती काळ चालते याचे उत्तर राहिले आहे आणि ते मी स्वतः भोगलेले आहे, म्हणून देतो. मान्यता एक वर्षाची असते. ती संपण्याआधी उजळणीचा अभ्यासक्रम करायचा: कामगार, सुपरवायझर आणि संरचनाकार यांना एक पूर्ण दिवस, निरीक्षकाला अर्धा दिवस, आणि व्यवस्थापन-आराखडा करणाऱ्याला निरीक्षकाचा अर्धा दिवस अधिक स्वतःचा अर्धा. मुदत उलटली तर त्यानंतर १२ महिन्यांपर्यंत उजळणी करून मान्यता परत मिळवता येते, मात्र मधल्या काळात काम करता येत नाही. ते १२ महिनेही गेले की मूळ अभ्यासक्रम पहिल्यापासून.

मध्यंतरी मी दुसऱ्या प्रकारच्या बांधकामावर होतो. परतलो तेव्हा माझी मान्यता संपून बारा महिने आणि काही दिवस झाले होते. त्या काही दिवसांपायी मला पुन्हा पाच दिवस वर्गात बसावे लागले आणि ज्या नव्या मुलांना मी कामावर शिकवले असते, त्यांच्याच शेजारी बसून पिशवी बांधावी लागली. (हो, मीही ती कापली.)

प्रमाणपत्र हाती पडले की त्यावरचा मजकूर तेथेच उभे राहून वाचा. तुमचे नाव, कोणत्या भूमिकेची मान्यता, मान्यता क्रमांक, अभ्यासक्रमाच्या आणि परीक्षेच्या तारखा, मुदत संपण्याची तारीख, आणि प्रशिक्षण देणाऱ्याचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक, हे सगळे त्यावर असलेच पाहिजे. माझ्या एका सहकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर भूमिकाच चुकीची छापली होती आणि ते तपासनीस जागेवर आल्यावर कळले. काम चालू असताना चालू मुदतीचे प्रमाणपत्र जागेवरच असावे लागते. कार्यालयाच्या कपाटात आहे असे सांगून भागत नाही. मी आता एक प्रत गाडीत ठेवतो, आणि मुदत संपायच्या दोन महिने आधीची आठवण मोबाइलमध्ये लावून ठेवली आहे, कारण उजळणीचे वर्ग ऐन वेळी भरलेले असतात.